जॉन लॉर्डच्या ऑर्गनमागे: लेस्टर ते माँत्रो

सोमवार, लेस्टर

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातून सकाळची गाडी धरली की सव्वा तासात लेस्टर येतं. आपल्याकडे या गावाचं नाव काढलं की बेलग्रेव्ह रोडवरची सोन्याची आणि मिठाईची दुकानं आठवतात, तिथली दिवाळी आठवते. मी उतरले ती जॉन लॉर्डचं गाव पाहायला. ‘डीप पर्पल’ या इंग्लिश रॉक बँडचा हा ऑर्गनवादक ९ जून १९४१ रोजी इथे जन्मला आणि लंडनला जाईपर्यंत इथेच वाढला.

मी राहते सांगलीला आणि नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ करते. लंडनमधल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमासाठी आले होते. तो पार पडला आणि परतीपर्यंत थोडे दिवस हाताशी राहिले. लॉर्डची ओळख माझ्या मोठ्या भावामुळे. तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता तेव्हा सुट्टीत कॅसेटी घेऊन यायचा. तो गिटार ऐकायचा, माझा कान गिटारच्या पाठीमागे जाऊन बसायचा. तिथे कुणीतरी आमचंच वाद्य वाजवत होतं, पण असं की गायकाला आणि गिटारला त्याच्याकडे वळून बघावं लागावं. साथ करणाऱ्याला हे जमवणं किती अवघड असतं हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता चांगलं कळतं.

भावाचा मुलगा लंडनला नोकरी करतो. तो रजा टाकून बरोबर आला.

स्टेशनाजवळून ‘न्यू वॉक’ नावाची झाडीतली पायवाट वर चढत जाते. १७८५ सालची ही वाट, तिच्यावर गाड्यांना मज्जाव. वर पोचलं की व्हिक्टोरिया पार्क, त्याच्या कडेला डी माँटफर्ट हॉल, आणि युनिव्हर्सिटी रोडवर पूर्वीचं विगेस्टन ग्रामर स्कूल, आता कॉलेज. लॉर्ड १९५२ ते १९५८ या शाळेत होता. वडील हौशी सॅक्सोफोनवादक, पाचव्या वर्षापासून पियानोची शिकवणी आणि तीही अभिजात संगीताची, शाळेत गायनवृंद, नाटक आणि ऑर्गन. सगळी तालीम चर्चच्या आणि जर्मन संगीतकार बाखच्या अंगाची.

डी माँटफर्ट हॉल १९१३ साली बांधला. रंगमंचामागे नळ्यांचा प्रचंड ऑर्गन आहे, तो इथल्याच स्टीफन टेलरच्या कारखान्याने केलेला. मार्च १९५८ मध्ये याच हॉलमध्ये अमेरिकन रॉक अँड रोल गायक बडी हॉलीचा कार्यक्रम झाला आणि सोळा वर्षांचा लॉर्ड श्रोत्यांत होता. शाळा ते हॉल मी चालून पाहिलं, रमतगमत गेलं तरी दहा मिनिटांत होतं. दिवसा शाळेत बाख आणि संध्याकाळी रस्त्यापलीकडे रॉक अँड रोल. दोन्ही वयाच्या योग्य वेळी कानांवर पडलं. पुढे आयुष्यभर लोक त्याला विचारत राहिले की तू नक्की कुठला, शास्त्रीय की रॉक? मला वाटतं, लेस्टरचा हा चढ चढून आलेल्या माणसाला तो प्रश्न पडणार नाही.

शाळेनंतर दोन वर्षं त्याने सॉलिसिटरच्या कचेरीत कारकुनी केली. रजा फार होतात म्हणून काढून टाकलं. मग नट व्हायचं म्हणून लंडनचं सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामा. पैशासाठी पब आणि क्लबांतून पियानो आणि ऑर्गन. त्यातून ‘आर्टवुड्स’ नावाचा बँड, आणि नटाचं करिअर बाजूला पडलं.

याच डी माँटफर्ट हॉलमध्ये १५ जुलै २०११ रोजी लेस्टर विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. पुढच्या महिन्यात त्याने कॅन्सर झाल्याचं जाहीर केलं आणि पदवीला वर्ष होऊन एक दिवस उलटला तेव्हा, १६ जुलै २०१२ला, तो गेला.

परतताना एव्हरिल रोडला जाऊन आलो. त्याचं बालपण गेलं तो हा रस्ता. साधी मध्यमवर्गीय वस्ती. घर आता दुसऱ्यांचं, म्हणून न थांबता पुढे निघालो. बेलग्रेव्ह रोडवर जेवलो.

मंगळवार, हॅनवेल

पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला पाहायला कुणी मुद्दाम येत नाही. टेकाडावर विटांची मोठी जुनी इमारत आहे, माथ्यावर घड्याळाचा मनोरा. पूर्वी इथे गरीब मुलांची निवासी शाळा होती आणि लहानगा चार्ली चॅप्लिन तिथे होता. आता ते वस्तीचं समाजमंदिर आहे. १९६९-७०च्या सुमारास ‘डीप पर्पल’ची मंडळी तालमींसाठी इथे यायची, कारण इतक्या मोठ्याने वाजवणाऱ्यांना दुसरीकडे जागा मिळत नव्हती.

बँड १९६८ साली उभा राहिला. लंडनच्या उत्तरेला साउथ मिम्स गावाजवळ डीव्हज हॉल नावाचं घर भाड्याने घेऊन सुरुवात झाली आणि पहिला जाहीर कार्यक्रम त्याच एप्रिलमध्ये डेन्मार्कला. लॉर्ड ऑर्गनवर, रिची ब्लॅकमोर गिटारवर, इयन पेस ड्रमवर. १९६९ मध्ये गायक इयन गिलन आणि बेसवादक रॉजर ग्लोव्हर आले. मग हॅनवेलच्या या इमारतीत ते संगीत घडलं ज्यासाठी जग त्यांना ओळखतं.

इथल्या तालमीत जन्मलेलं एक गाणं म्हणजे ‘चाइल्ड इन टाइम’. त्याची सुरुवात लॉर्ड एकटा करतो, ऑर्गनवर, अगदी हळू. ती सुरावट मूळची त्याची नाही. ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ नावाच्या अमेरिकन बँडची ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाची वेगवान चीज होती. लॉर्ड ती सहज छेडत बसला, लय कमी केली, आणि गिलनने तिच्यावर शब्द बांधले. गिलनने हे उघड सांगितलेलं आहे. चिजेची लय बदलली की तिचा स्वभाव कसा पालटतो हे आपल्या गायकांना सांगायला नको. द्रुत चीज विलंबितात घेतली तर तिच्यातून भलतंच काही बाहेर येतं. मुंबईच्या नावाची एक धावती धून इथे येऊन शोकगीतासारखी झाली, याचं मला अजून नवल वाटतं.

दुपारी भाच्याने माझ्यासाठी एक गोष्ट जुळवून आणली होती. त्याच्या ओळखीतले एक गृहस्थ हॅमंड कंपनीचे जुने, विजेवरचे ऑर्गन दुरुस्त करतात. गॅरेजवजा जागा, भिंतीला टेकवलेली उघडी यंत्रं, तेलाचा वास. मधोमध ‘सी-थ्री’ नावाचा एक हॅमंड. लॉर्डचं वाद्य हेच. प्रसिद्ध बी-थ्रीची आणि याची आतली यंत्रणा एकच. याला खालून चारही बाजूंनी लाकडी फळ्या असतात, कारण चर्चमध्ये वाजवणाऱ्याचे पाय दिसू नयेत अशी खरेदीदारांची इच्छा. हॅमंड ऑर्गन १९३५ साली अमेरिकेत बाजारात आला तोच मुळी नळ्यांचा ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चसाठी.

सुरू करायला दोन बटणं. पहिलं ‘स्टार्ट’चं दाबून धरायचं, आतली मोटर घरघरत वेग घेते, सात-आठ सेकंदांनी ‘रन’चं लावायचं, मग थोडं थांबून पहिलं सोडायचं. घाई केली तर यंत्र ऐकत नाही. फळी बाजूला करून त्या गृहस्थांनी आतलं दाखवलं: एका लांब दांड्याने फिरवलेल्या दातेरी चकत्या, एक्याण्णव. प्रत्येक चकती चुंबकापुढे फिरते आणि दात जसे पुढून जातात तसा सूर तयार होतो. मोटर विजेच्या आवर्तनाशी बांधलेली, त्यामुळे वाद्य कधी उतरत नाही की चढत नाही. पण अमेरिकेतल्या साठ आवर्तनांचं यंत्र इंग्लंडच्या पन्नासवर तसंच जोडलं तर सगळी पट्टीच दीड स्वर खाली येते.

“बसा,” असं त्यांनी हाताने खुणावलं आणि मी बसले.

पहिल्यांदा पाय गोंधळले. आमच्या ऑर्गनला दोन्ही पायांनी भाता मारायचा असतो; वाद्याचा श्वास आपल्या पायांत. इथे वारा नाहीच. उजव्या पायाखाली एक पॅडल, ते दाबलं की आवाज मोठा, सोडलं की लहान. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, सूर तोच. मग भाव कुठून आणायचा? वरच्या बाजूला नऊ-नऊ दांड्यांचे संच असतात, ड्रॉबार. तपकिरी, पांढऱ्या, काळ्या. दांडी जितकी बाहेर ओढावी तितका तो उपस्वर मिसळतो. उजवा हात वाजवत असताना डावा या दांड्या सरकवत राहतो आणि एकच स्वर बासरीसारखा सुरू होऊन सनईच्या धारेपर्यंत पोचतो. पट्टी लागताना एक बारीक ‘टक्’ ऐकू येतो. हॅमंडसाहेबांना तो दोष वाटायचा. वाजवणाऱ्यांनी त्यालाच ताल केलं.

हॅमंडसोबत बहुतेक जण लेस्ली नावाची पेटी जोडतात. तिच्यात कर्णा गोल फिरतो, म्हणून सूर थरथरतो. ब्लॅकमोरचा गिटार मार्शल कंपनीच्या ॲम्प्लिफायरमधून एवढा दणदणीत यायचा की लेस्लीतला ऑर्गन त्याखाली बुडायचा. लॉर्डने ऑर्गनच थेट मार्शलला जोडला. त्या यंत्राला इतका जाड सूर झेपत नाही. तो फाटतो, गुरगुरतो. चर्चसाठी घडवलेल्या वाद्यातून हा आवाज निघाला आणि ऑर्गन गिटारच्या तोडीस तोड उभा राहिला.

त्या गृहस्थांनी छोटा मार्शल जोडून दिला. मी षड्ज आणि पंचम एकत्र धरले, घुमून आले. मध्ये गंधार टाकला तर सगळं गढूळ. दोन-तीनदा करून पाहिलं. फाटलेल्या आवाजात पंचम आणि मध्यम स्वच्छ राहतात, गंधार राहत नाही. लॉर्ड अशा ठिकाणी हात मोकळा का ठेवतो, ते इतकी वर्षं ऐकून कळलं नव्हतं. बोटं ठेवल्यावर कळलं.

भाचा मागे उभा राहून म्हणाला, “आत्या, चल आता, त्यांना दुकान बंद करायचंय.” उठवत नव्हतं.

बुधवार, लंडन

रॉयल आल्बर्ट हॉलची रोज सफर असते, तिकीट काढून आत गेलो. १८७१ सालची गोल वास्तू, मागे जवळजवळ दहा हजार नळ्यांचा ऑर्गन. २४ सप्टेंबर १९६९ रोजी इथे लॉर्डने लिहिलेला ‘कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ झाला. डीप पर्पल आणि रॉयल फिलहार्मॉनिक वाद्यवृंद एका मंचावर, संचालन माल्कम आर्नल्ड यांचं. आर्नल्ड स्वतः मोठे संगीतकार. वाद्यवृंदातल्या काहींना या केसाळ पोरांसोबत बसणं कमीपणाचं वाटत होतं, ते त्यांनी मोडून काढलं.

तीन भाग आहेत. पहिल्यात दोन्ही बाजू एकमेकींना शत्रू समजतात. वृंद बोलतो, बँड त्याला तोडतो. दुसऱ्यात बोलणी सुरू होतात, तिसऱ्यात एकत्र चालतात. लॉर्ड तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. पंचवीस वर्षांपूर्वी मी हा कॉन्चेर्टो ऐकला तेव्हा पहिला भाग फारच लांबला असं वाटलं होतं, आजही वाटतं. सांधे दिसतात. तरी दुसरा भाग ऐकताना मी दरवेळी हातातलं काम टाकते.

बँडमधल्या सगळ्यांना हे रुचलं नाही. वर्तमानपत्रं त्यांना वाद्यवृंदासोबत वाजवणारा बँड म्हणू लागली आणि ब्लॅकमोर वैतागला. पुढची तबकडी, जून १९७०ची ‘इन रॉक’, मुद्दाम दगडासारखी कठीण केली. लॉर्डने मान तुकवली आणि तिच्यातही जीव ओतला. काल पाहिलेला मार्शलचा आवाज याच काळातला. १९७२ साली लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये त्यांचा कार्यक्रम ११७ डेसिबलला पोचला आणि गिनीज बुकात जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नोंद झाली. तो लौकिक मला आवडत नाही. त्याने लोक ऑर्गन ऐकायचं विसरतात.

कॉन्चेर्टोची पुढची कथा कुणी कादंबरीत लिहिली तर अतिरंजित म्हणतील. १९७०च्या एका प्रयोगानंतर मूळ स्वरलेखन हरवलं. एकुलती एक प्रत. पुढे मार्को द गूय नावाच्या डच संगीतकाराने तबकडी ऐकून आणि चित्रफीत पाहून एकेक वाद्याचा भाग पुन्हा लिहून काढला, लॉर्डने त्याच्यासोबत बसून तो पुरा केला, आणि सप्टेंबर १९९९ मध्ये, तीस वर्षांनी, याच हॉलमध्ये लंडन सिम्फनीसह पुन्हा वाजला. कानावरून उतरवून घेतलेलं संगीत! आपल्याकडे नाट्यपदांच्या कितीतरी चाली अशाच तबकड्यांवरून पुन्हा पेटीवर आल्या आहेत, त्यामुळे या डच माणसाबद्दल मला फार आपुलकी आहे.

संध्याकाळी घरी. पाय दुखत होते.

गुरुवार, डरहॅम

किंग्ज क्रॉसहून उत्तरेला तीन तास. डरहॅमच्या अलीकडे गाडी उंच पुलावर येते आणि खाली गाव, नदीचा वेढा, त्यात टेकडीवर कॅथीड्रल. भाच्याने मोबाइल खाली ठेवला.

इथे येण्याचं कारण उतारवयातल्या लॉर्डचं. १९७६ला बँड फुटला. मग ‘पेस, ॲश्टन, लॉर्ड’ नावाचा थोडक्या दिवसांचा बँड, मग १९७८ ते ८४ ‘व्हाइटस्नेक’. व्हाइटस्नेकमध्ये ऑर्गन मागच्या रांगेत गेला. ती सहा वर्षं मी क्वचितच ऐकते. १९८४ला जुने पाच जण पुन्हा एकत्र आले आणि २००२पर्यंत लॉर्ड त्यांच्यात होता. मग त्याने स्वतः होऊन जागा सोडली, डॉन एरीच्या हाती ऑर्गन दिला आणि घरी बसून संगीत लिहू लागला. एकसष्टाव्या वर्षी, भरल्या मैफिलीतून उठून.

डरहॅम विद्यापीठाच्या १७५व्या वर्षासाठी त्याला रचना लिहायला सांगितली गेली. ‘डरहॅम कॉन्चेर्टो’ २० ऑक्टोबर २००७ रोजी या कॅथीड्रलमध्ये रॉयल लिव्हरपूल फिलहार्मॉनिकने वाजवला. गावातला एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, सहा भागांत. पहिला भाग पहाटेच्या कॅथीड्रलचा. म्हणून आम्ही आल्या आल्या आधी तिथेच गेलो. बांधकाम १०९३ साली सुरू झालं. खांब इतके जाड की दोघांनी कवेत घेतले तरी हात पोचू नयेत, आणि त्यांच्यावर कोरलेल्या नागमोडी, चौकटीच्या रेघा. मी एका खांबावर तळवा ठेवून उभी राहिले. दगड थंडगार होता.

एक भाग लिंडिसफार्नहून आलेल्या वाटेचा. त्या बेटावरचे साधू संत कथबर्टचा देह खांद्यावर घेऊन वर्षानुवर्षं फिरले आणि शेवटी ९९५ साली इथे थांबले. पालखी घेऊन चालणाऱ्यांच्या मुलखातून आल्यामुळे ही गोष्ट मला परकी वाटली नाही. एक भाग प्रेबेंड्स पुलावरून दिसणाऱ्या देखाव्याचा, तिथून खरोखरच झाडांच्या वर मनोरे तेवढे दिसतात. पाचव्या भागात विद्यार्थ्यांची धमाल आहे आणि ‘डरहॅम मायनर्स गाला’ आहे: १८७१पासून जुलैमध्ये खाणकामगार आपापले झेंडे आणि पितळी वाद्यांचे ताफे घेऊन गावात येतात. खाणी बंद पडल्या, ताफे अजून येतात.

रचनेत व्हायोलिन आणि चेलो आहेत, कॅथरीन टिकेलने वाजवलेले नॉर्थंब्रियन पाइप्स आहेत, ज्यांचा भाता कोपराखाली दाबायचा असतो, आणि हॅमंडवर स्वतः लॉर्ड. गरीब चर्चसाठी काढलेलं, दारूच्या गुत्त्यांत आणि मार्शलच्या गर्जनेत उमेदीची वर्षं घालवलेलं यंत्र म्हातारपणी इंग्लंडच्या सर्वांत भारदस्त कॅथीड्रलमध्ये येऊन बसलं. तिथे ते गुरगुरत नाही. मी पुलावर बसून कानांत घालून पूर्ण ऐकलं. शेवटचा भाग येईपर्यंत भाचा दोनदा चहा घेऊन आला.

लॉर्डच्या उतारवयातल्या रचनांना ‘गोड’ म्हणून बाजूला सारणारे रॉकवाले मला माहीत आहेत. त्यांच्याशी माझं मुळीच पटत नाही. आई गेल्यानंतर १९९८ साली काढलेला ‘पिक्चर्ड विदिन’ आणि हा कॉन्चेर्टो, या दोहोंत जो ठहराव आहे तो बँडच्या धबडग्यात कधी ऐकू आलाच नसता. तरुणपणी ज्याने गिटारशी सवाल-जवाब केले त्याला शेवटी कुणाला उत्तर देण्याची गरज उरली नव्हती.

शुक्रवार, हॅम्बल्डन

हेन्ली आणि मार्लो या गावांच्या दरम्यान थेम्सच्या काठी मिल एंड आहे, तिथून मैलभर आत हॅम्बल्डन. लॉर्डची शेवटची वर्षं याच परिसरात गेली आणि सेंट मेरी चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. सांगलीहून फुलं आणायची कशी, म्हणून हेन्लीत घेतली. ठेवली, नमस्कार केला. गावात एक दुकान, एक पब. पाऊस आला म्हणून लवकर निघालो.

शनिवार, माँत्रो

जिनिव्हाहून रेल्वेने तासभर, सरोवराच्या काठाकाठाने. डोंगरावर मे महिन्यात नार्सिससची पांढरी फुलं येतात, त्यासाठीही लोक इथे येतात. आपली मंडळी तर स्टेशनापासूनच भेटू लागली. ठाण्याच्या एका कुटुंबाने फ्रेडी मर्क्युरीचा पुतळा कुठे असं मला मराठीतच विचारलं.

४ डिसेंबर १९७१. कसिनोच्या नाट्यगृहात अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापाचा दुपारचा कार्यक्रम, आणि डीप पर्पल तो संपायची वाट पाहत. दुसऱ्या दिवसापासून त्याच सभागृहात त्यांचं ध्वनिमुद्रण ठरलेलं. सिंथेसायझरचा एकल तुकडा चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जाळ सोडणारं पिस्तूल, झाडली. छत पेटलं. जाझ महोत्सव भरवणाऱ्या क्लॉद नोब्सने मुलांना बाहेर काढायला स्वतः मदत केली. जीवितहानी झाली नाही, इमारत मात्र पुरी गेली, झापाची वाद्यं गेली. सरोवरावर धुराचा पडदा पसरला आणि पुढे ग्लोव्हरला झोपेतून जागं होताना गाण्याचं नाव सुचलं. आजचा कसिनो १९७५चा.

नोब्सने त्यांना पॅव्हिलियन नावाची जागा मिळवून दिली. तिथे रात्री पहिलंच मुद्रण चालू असताना शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून पोलीस आले. बँडच्या कामगारांनी दार आतून धरून ठेवलं आणि तुकडा पुरा झाला. तोच पुढे ‘स्मोक ऑन द वॉटर’. शब्द अजून व्हायचे होते.

रविवार, तेरिते

पुढचं स्टेशन तेरिते, शियों किल्ल्याच्या दिशेला. ऑस्ट्रियाच्या एलिझाबेथ सम्राज्ञीचा पुतळा, वर जाणारी दोरीची रेल्वे, आणि जुनं ग्रँड हॉटेल, आता त्यात सदनिका आहेत. डिसेंबर १९७१ मध्ये ते हिवाळ्यासाठी बंद आणि रिकामं होतं. ‘रोलिंग स्टोन्स’ या बँडची मुद्रणाची मोटार बाहेर उभी, वायरी आत, आणि बँड मार्गिकेत गाद्या भिंतीला लावून बसलेला. वाजवलेलं ऐकायला मोटारीपर्यंत जायचं तर खोल्या आणि गच्च्या ओलांडाव्या लागत. थोड्या दिवसांत त्यांनी जाणंच सोडलं. चांगलं वाजलं असं आपसांत ठरलं की पुढचं. ‘मशीन हेड’ ही तबकडी महिनाभराच्या आत अशी झाली आणि १९७२च्या वसंतात बाजारात आली. गाण्यांचं श्रेय पाचही जणांना समान. सूर कुणी आधी काढला याची वाटणी त्यांनी तेव्हा केली नाही, आणि मला ते न्याय्य वाटतं. कारण लॉर्डचं काम वेगळं काढून दाखवता येईल असं नव्हतंच.

दुपारी माँत्रोला परतून सरोवराकाठचं शिल्प पाहिलं. बँडचं नाव, गाण्याचं नाव आणि त्या प्रसिद्ध सुरावटीचं लेखन. इटालियन मुलांचा घोळका तोंडाने गिटार वाजवत फोटो काढत होता. भाचाही तेच करू लागला.

मी त्याला बाकावर बसवलं. षड्ज पांढरी पाच धर, म्हटलं. मग सुरावट होते सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. पुन्हा सा, कोमल ग, म, आणि कोमल ग वरून सा. प्रत्येक स्वराखाली त्याचा मंद्रातला पंचम वाजतो. सुरुवातीची जोडी म्हणजे मंद्र पंचम आणि षड्ज, तंबोऱ्याच्या पहिल्या दोन तारा. म्हणून आपल्या कानाला हे लगेच ओळखीचं वाटतं. ब्लॅकमोर दोन्ही तारा बोटांनी एकदम उचलतो. आता कानात घाल आणि सांग, पुढे काय येतं?

“गिटार... गिटार... मग झांज,” तो म्हणाला. “मग गिटार आणखी जाड झाली.”

“जाड झाली नाही. तिथे ऑर्गन आला.”

“हे ऑर्गन आहे? आत्या, हे मी लहानपणापासून ऐकतोय. बाबा सारखे लावायचे.”

“मार्शलमधून आलाय. तीच जोडी धरलीय त्याने, गंधार कुठेच नाही. मंगळवारी मी गंधार टाकला तेव्हा काय झालं आठवतंय ना?”

त्याने पुन्हा पहिल्यापासून लावलं. आता ड्रम कुठे येतो, बेस कुठे येतो ते बोटाने दाखवत होता आणि ऑर्गनच्या जागी दरवेळी माझ्याकडे बघत होता. तिसऱ्या वेळी मी थांबवलं आणि त्याच तबकडीतलं ‘लेझी’ लावायला सांगितलं, कारण तिथे पहिला मिनिटभर लॉर्ड एकटाच आहे, कुणाच्या आड नाही. जिनिव्हाची गाडी सुटायला अजून पाऊण तास होता.